पाचशेव्या आयगेनमूल्याची जागा: एक प्रकरण अभ्यास

प्रश्न एका ओळीत मांडता येतो. १००० × १००० आकाराची एक यादृच्छिक हर्मिशियन मॅट्रिक्स घ्यायची, तिची हजार आयगेनमूल्ये (मॅट्रिक्स ज्या दिशा वळवत नाही त्यांना ती किती पट ताणते, त्या संख्या) लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावायची आणि विचारायचे: पाचशेवे आयगेनमूल्य कुठे असेल, आणि मॅट्रिक्स बदलली की ते किती हलेल?

हे एकच प्रकरण शेवटपर्यंत नेण्यामागे कारण आहे. यादृच्छिक मॅट्रिक्सची ओळख बहुतेकांना दोन गोष्टींनी होते: आयगेनमूल्यांची घनता अर्धवर्तुळाकार असते आणि शेजारची आयगेनमूल्ये एकमेकांना दूर ढकलतात. मग आयगेनमूल्ये आपापल्या जागी इतकी घट्ट का बसतात, याचे श्रेय सहजपणे या ढकलण्याला दिले जाते. मला हे श्रेय चुकीच्या ठिकाणी गेलेले वाटते, आणि पाचशेव्या आयगेनमूल्याचा हिशेब नीट केला की ते का, हे आकड्यांतच दिसते.

आधी मांडणी पक्की करू. कर्णावरच्या संख्या वास्तव, प्रसामान्य वितरणाच्या, सरासरी ० आणि प्रमाण विचलन १. कर्णाच्या वरच्या बाजूला संमिश्र संख्या; त्यांच्या केवलमूल्याच्या वर्गाची सरासरी १. खालच्या बाजूला त्यांच्याच संयुग्मी संख्या. बाकी सगळे एकमेकांपासून स्वतंत्र. या कुटुंबाला गाउसियन युनिटरी एन्सेम्बल म्हणतात. शेवटी पूर्ण मॅट्रिक्सला १००० च्या वर्गमुळाने भागायचे, म्हणजे आयगेनमूल्ये साधारण −२ ते २ या पट्ट्यात येतात. यूजीन विग्नर यांनी १९५० च्या दशकात दाखवलेली अर्धवर्तुळाची घनता याच पट्ट्यावर उभी राहते. अगदी मध्यावर, शून्यापाशी, ही घनता १ भागिले पाय, म्हणजे ०.३१८ आहे. तिथे दोन शेजाऱ्यांमधले सरासरी अंतर पाय भागिले १०००, म्हणजे ०.००३१४ भरते. पुढे 'एक अंतर' म्हटले की ही लांबी समजावी. सगळे मोजमाप याच एककात करणे सोयीचे आहे.

अपेक्षित जागा ठरवताना एक बारकावा सुटू देऊ नये. अर्धवर्तुळाखालचे क्षेत्रफळ डावीकडून मोजत जावे आणि ते ५००/१००० झाले की थांबावे, अशी रीत बऱ्याच ठिकाणी दिसते. तिने उत्तर येते ० आणि ते अर्ध्या अंतराने चुकते. आपली मॅट्रिक्स आणि तिची उणे प्रत यांची संभाव्यता सारखीच असल्याने ५००व्या आणि ५०१व्या आयगेनमूल्यांच्या सरासरी जागा शून्याच्या दोन बाजूंना आरशातल्यासारख्या सममित असतात आणि त्यांच्यात एक अंतर असते. म्हणून पाचशेव्याची खरी सरासरी जागा शून्याच्या अर्धे अंतर डावीकडे, −०.००१५७ पाशी आहे, क्षेत्रफळ ४९९.५/१००० घेतले की तीच मिळते. एरवी अर्ध्या अंतराची कोणी फिकीर केली नसती. इथे करावी लागते, कारण ज्या हालचालीचा शोध घ्यायचा आहे तीच मुळी एका अंतराहून लहान निघणार आहे.

आता अंदाज बांधू. पहिला अंदाज: अर्धवर्तुळाच्या घनतेतून हजार बिंदू एकमेकांशी संबंध न ठेवता उचलले असते तर? शून्याच्या डावीकडे पडणाऱ्या बिंदूंची संख्या म्हणजे हजार वेळा नाणे उडवून मोजलेले छापे. तिचे प्रमाण विचलन १००० च्या वर्गमुळाच्या निम्मे, १५.८. म्हणजे पाचशेवा बिंदू सहज पंधरा-सोळा अंतरे इकडेतिकडे असता.

दुसरा अंदाज ढकलण्याला पूर्ण मान देणारा. शेजारच्या दोन आयगेनमूल्यांमधले अंतर विग्नर यांनी सुचवलेल्या सूत्राच्या फार जवळ जाणाऱ्या वितरणाने बदलते; सरासरी १ धरली तर प्रमाण विचलन सुमारे ०.४२. अगदी लहान अंतरे जवळपास निषिद्ध, फार मोठीही दुर्मीळ. समजा, अशी अंतरे एकामागून एक पण परस्परांपासून स्वतंत्रपणे मांडली. डाव्या कडेपासून ५०० अंतरे मोजत आल्यावर साचलेली चूक ०.४२ गुणिले ५०० चे वर्गमूळ, म्हणजे साडेनऊ अंतरांच्या घरात. शेजाऱ्यांचे ढकलणे पूर्णपणे हिशेबात धरूनही पंधरा-सोळावरून आपण फक्त साडेनऊवर आलो. आकार वाढवला तर दोन्ही अंदाज वर्गमुळाच्याच वेगाने फुगत जातात. दहा लाख आकाराला पहिला ५०० अंतरांवर जातो, दुसरा ३०० वर.

खरे उत्तर: सुमारे दोन तृतीयांश अंतर.

योनास गुस्ताव्हसन यांनी २००५ मध्ये सिद्ध केलेले प्रमेय असे सांगते की आकार एन असताना मधल्या भागातल्या एका आयगेनमूल्याचे अपेक्षित जागेपासूनचे विचलन, स्थानिक अंतराच्या एककात मोजले तर, प्रसामान्य वितरणाकडे जाते आणि विचलनाच्या वर्गाची सरासरी 'लॉग एन भागिले २ पाय वर्ग' इतकी असते. लॉग नैसर्गिक. १००० चा लॉग ६.९०८, पाय वर्गाची दुप्पट १९.७३९, भागाकार ०.३५, वर्गमूळ ०.५९.

पण लॉग इतका संथ वाढतो की सूत्राचा फक्त मुख्य भाग घेऊन थांबणे योग्य नाही. मागे राहिलेला स्थिरांक त्याच्याच तोडीचा असतो. शून्याच्या डावीकडच्या आयगेनमूल्यांची संख्या घेतली तर मोठ्या एनसाठी तिच्या विचलनाचा वर्ग 'लॉग ८एन अधिक १ अधिक ऑयलरचा स्थिरांक ०.५७७' या बेरजेला १९.७३९ ने भागून मिळतो. १००० साठी तो ०.५३५, प्रमाण विचलन ०.७३. मोजणी पूर्णांकातच होते आणि त्या पूर्णांकीकरणाने साधारण १/१२ ची भर पडलेली असते. आयगेनमूल्याची जागा मात्र सलग बदलते, म्हणून ती भर वजा करायची. उरतात ०.४५, वर्गमूळ ०.६७. आपण सुरुवातीला घेतलेल्या मापात हे ०.००२१ झाले.

हाच आकडा दुसऱ्या बाजूने पाहिला तर जास्त ठसतो. या कुटुंबातून मॅट्रिक्स उचलत राहिलो तर निम्म्याहून थोड्या अधिक, शंभरात सुमारे ५५ मॅट्रिक्समध्ये शून्याच्या डावीकडे बरोबर ५०० आयगेनमूल्ये सापडतील. शंभरात ४३ वेळा ४९९ किंवा ५०१. उरलेल्या दोन-तीन वेळा ४९८ किंवा ५०२. त्यापलीकडचे जवळजवळ काही नाही. स्वतंत्र बिंदूंच्या बाबतीत बरोबर ५०० येण्याची संधी शंभरात अडीचच्या आसपास असते आणि ४७० किंवा ५३० दिसले तरी नवल नाही.

वाढीचा वेग तर आणखी विलक्षण. आकार हजारपट करून दहा लाखांवर नेला तरी प्रमाण विचलन ०.६७ वरून ०.९ पर्यंतच चढते. ते २ अंतरांवर पोचायला आकार १० च्या तेहतिसाव्या घाताच्या आसपास हवा. विचलन अनंताकडे जाते हे प्रमेय म्हणून खरे आहे, पण कोणत्याही संगणकावर ते जाताना कोणाला दिसणार नाही.

साडेनऊ कुठे आणि ०.६७ कुठे. मधली तफावत शेजाऱ्यांच्या ढकलण्यातून येत नाही, कारण ते दुसऱ्या अंदाजात आपण आधीच धरले होते. मग कुठून येते?

लगतच्या दोन अंतरांमध्ये ऋण सहसंबंध असतो, उणे ०.३ च्या आसपास. एक अंतर मोठे निघाले की पुढचे लहान निघण्याकडे कल. ही पहिली खूण, पण तेवढ्यानेही काम भागत नाही. फक्त लगतच्या अंतरांत असा संबंध असता तर चूक वर्गमुळानेच वाढली असती, गुणक तेवढा कमी झाला असता. वर्गमूळ जाऊन लॉग यायचा असेल तर दूरदूरच्या अंतरांनीही एकमेकांची भरपाई करायला हवी. तशी ती करतात. आयगेनमूल्यांच्या संयुक्त संभाव्यतेत प्रत्येक जोडीच्या फरकाचा वर्ग गुणक म्हणून येतो. पहिले आणि हजारावे यांची जोडीही त्यात आहे. फ्रीमन डायसन यांनी १९६२ मध्ये याकडे विद्युतभारांचा वायू म्हणून पाहिले: एका रेषेवर बसलेले सारखे भार, प्रत्येक जण प्रत्येकाला अंतराच्या लॉगनुसार ढकलणारा. एखाद्या लांब पट्ट्यात भार किंचित दाट झाले की त्याची किंमत सगळ्या प्रणालीला मोजावी लागते. शेजाऱ्यांचे विकर्षण फक्त दोन आयगेनमूल्ये एकावर एक पडू देत नाही. लांबवरची शिस्त सर्व जोड्यांची मिळून बनते.

ही शिस्त नेमकी किती कडक, हे मोजण्याची मला सर्वांत आवडणारी रीत चेबिशेव बहुपदींची आहे. वाद्याच्या तारेचे कंपन जसे मूळ स्वर आणि त्याचे उपस्वर यांत मोडता येते, तसे सगळ्या आयगेनमूल्यांचे एकत्र हलणे या बहुपदींच्या साहाय्याने स्वरांत मोडता येते. क्रमांक के चा स्वर म्हणजे प्रत्येक आयगेनमूल्याच्या निम्म्यावर के घाताची चेबिशेव बहुपदी लावून केलेली बेरीज. कुर्त योहान्सन यांनी १९९८ मध्ये अशा बेरजांसाठी सिद्ध केलेल्या केंद्रीय सीमा प्रमेयातून कळते की आकार मोठा झाला की हे स्वर एकमेकांपासून स्वतंत्र आणि प्रसामान्य होतात, आणि क्रमांक के च्या स्वराच्या विचलनाचा वर्ग के भागिले ४ असतो. या सूत्रात एन कुठेच नाही!

पहिल्या स्वरासाठी हे हातानेच तपासता येते. के १ असताना बेरीज म्हणजे कर्णावरच्या संख्यांच्या बेरजेची निम्मी, १००० च्या वर्गमुळाने भागलेली. कर्णावर १००० स्वतंत्र संख्या, प्रत्येकीच्या विचलनाचा वर्ग १. भागाकार करून आणि निम्मे करून उरतो १/४. बरोबर. अर्धवर्तुळातून उचललेल्या स्वतंत्र बिंदूंसाठी हीच राशी २५० भरली असती, हजारपट. दुसरा स्वर मॅट्रिक्समधल्या सर्व संख्यांच्या वर्गांच्या बेरजेवर अवलंबून आहे. तोही कागदावर अर्ध्या पानात सुटतो आणि उत्तर १/२ येते. ज्यांना या विषयात हात घालायचा आहे त्यांनी हे दोन हिशेब स्वतः करावेत. पुढच्या सगळ्या यंत्रणेवरचा विश्वास तिथे बसतो.

आता 'शून्याच्या डावीकडे किती' ही मोजणी या स्वरांत लिहू. शून्याच्या डावीकडे १ आणि उजवीकडे ० अशी पायरी चेबिशेव बहुपदींत मांडली की सम क्रमांकाचे स्वर गळून पडतात. ते साहजिक आहे: दुसरा स्वर म्हणजे पूर्ण पट्टा फुगणे आणि आकसणे, त्यात मध्यबिंदू जागचा हलत नाही. विषम के साठी गुणक २ भागिले (पाय गुणिले के). त्याचा वर्ग करून के/४ ने गुणले की प्रत्येक विषम स्वराचा वाटा १ भागिले (पाय वर्ग गुणिले के) एवढा येतो. म्हणजे बेरीज १ + १/३ + १/५ + … अशी, पाय वर्गाने भागलेली. एका अंतरापेक्षा बारीक स्वरांना इथे अर्थ उरत नाही, म्हणून ती साधारण एनच्या पातळीवर थांबते. विषम संख्यांच्या व्यस्तांची बेरीज लॉगच्या निम्म्या वेगाने वाढते. निम्मा लॉग एन भागिले पाय वर्ग: गुस्ताव्हसन यांच्या प्रमेयातला आकडा जसाच्या तसा हातात आला. ही काही कडक सिद्धता नव्हे, कारण बेरीज कुठे थांबवायची हे आपण अंदाजाने ठरवले. पण लॉग कुठून येतो हे याहून स्वच्छ दाखवणारी दुसरी वाट मला माहीत नाही.

आणि या वाटेने जाताना पाचशेव्या आयगेनमूल्याच्या हालचालीची फोडही मिळते. पहिल्या स्वराचा वाटा १ भागिले पाय वर्ग, ०.१०१. एकूण मोजणीच्या ०.५३५ पैकी जवळजवळ पाचवा भाग फक्त कर्णाच्या बेरजेमुळे, म्हणजे सगळी आयगेनमूल्ये एकत्र डावी-उजवीकडे सरकल्यामुळे आहे. तिसऱ्या स्वराचा वाटा ०.०३४, पाचव्याचा ०.०२०. पुढे प्रत्येक वाटा बारीक होत जातो, पण लांबी निम्मी केली की त्या टप्प्यातल्या सगळ्या स्वरांची मिळून भर दर वेळी सारखीच पडते. मोठ्या लांबीवरचे हेलकावे आणि लहान लांबीवरची थरथर यांचा या हालचालीत सारखाच हात आहे.

म्हणूनच शेजारी-शेजारी असलेली आयगेनमूल्ये बरोबरीने हलतात. गुस्ताव्हसन यांनी हेही मोजले आहे: दोन आयगेनमूल्यांच्या क्रमांकांत एनच्या थीटा घाताएवढा फरक असेल तर त्यांच्या विचलनांचा सहसंबंध मोठ्या एनसाठी १ उणे थीटा. हजाराच्या बाबतीत वर्गमूळ सुमारे ३२. म्हणजे ५००वे आणि ५३२वे यांच्यातला सहसंबंध, मुख्य भागापुरता, निम्मा.

सिद्धतेची कल्पनाही सांगण्यासारखी आहे. पाचशेवे आयगेनमूल्य क्षच्या डावीकडे असणे आणि क्षच्या डावीकडे किमान पाचशे आयगेनमूल्ये असणे ही एकच घटना. त्यामुळे जागेचा प्रश्न मोजणीचा होतो. या कुटुंबातली मोजणी स्वतंत्र हो-नाही चाचण्यांच्या बेरजेसारखीच वितरित असते, फक्त त्या चाचण्यांची संभाव्यता वेगवेगळी. बहुतेक चाचण्यांची संभाव्यता ० किंवा १ ला चिकटलेली. लॉग एनच्या घरातल्या मोजक्याच चाचण्या खरोखर अनिश्चित. ओव्हिडियु कॉस्टिन आणि जोएल लेबोविट्झ यांनी १९९५ मध्ये अशाच मोजणीसाठी केंद्रीय सीमा प्रमेय दिले होते. विचलनाचा वर्ग अनंताकडे गेला की प्रसामान्य वितरण आपोआप येते. हजार आयगेनमूल्यांची सगळी अनिश्चितता अशा मूठभर चाचण्यांत मावते, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

कडेला चित्र बदलते, पण ते थोडक्यात. सर्वांत मोठे आयगेनमूल्य २ पासून एनच्या उणे दोन तृतीयांश घाताच्या मापाने हलते. हजारासाठी ते माप नेमके ०.०१. क्रेग ट्रेसी आणि हॅरल्ड विडम यांनी १९९४ मध्ये काढलेल्या वितरणाची सरासरी −१.७७१ आणि प्रमाण विचलन ०.९०२ आहे, म्हणून हजारावे आयगेनमूल्य साधारण १.९८२ पाशी असते आणि ०.००९ ने हलते. गंमत अशी की ९९९.५/१००० क्षेत्रफळाची आपली रीत इथेही वापरली तर मापात −१.७७१ च मिळते.

हजारांतले सर्वांत भरकटलेले आयगेनमूल्य किती दूर जाईल? मधल्या भागात, अंतराच्या एककात, सर्वाधिक विचलन मोठ्या एनसाठी लॉग एन भागिले पाय असते. या कुटुंबासाठी हे २०२१ मध्ये सिद्ध झाले. हजाराला मुख्य भाग २.२ येतो. एखादे हलले आणि बाकी जागेवर राहिले असे होत नाही, म्हणून सर्वांत वाईट उदाहरणही दोन-सव्वादोन अंतरांत आटोपते. स्वतंत्र बिंदूंमध्ये ते सरासरी २७ अंतरांच्या आसपास गेले असते.

हे सर्व प्रसामान्य संख्यांपुरते मर्यादित असते तर त्याचे मोल कमी झाले असते. टेरेन्स ताओ आणि व्हान वू यांच्या २०११ च्या चार आघूर्णांच्या प्रमेयाने हा निकाल पहिली चार आघूर्णे (संख्येच्या पहिल्या चार घातांच्या सरासरी) जुळणाऱ्या इतर वितरणांकडे नेला. लास्लो एर्डश, होर्ंग-त्सेर याउ आणि जुन यिन यांनी २०१२ मध्ये विस्तृत वर्गासाठी दाखवले की सगळी आयगेनमूल्ये एकाच वेळी आपापल्या जागेच्या फार जवळ राहतात. विचलन एका अंतराला लॉगच्या अगदी संथ वाढणाऱ्या घाताने गुणले तरी त्यापुढे जात नाही. वास्तव सममित मॅट्रिक्ससाठी शॉन ओ'रूर्क यांनी २०१० मध्ये गुस्ताव्हसन यांच्यासारखाच निकाल दिला. तिथे विचलनाचा वर्ग दुप्पट, लॉग एन भागिले पाय वर्ग.

ही दुप्पट अणुकेंद्राच्या अभ्यासकांना महत्त्वाची, कारण जड अणुकेंद्रांच्या ऊर्जापातळ्या वास्तव सममित कुटुंबासारख्या वागतात. डायसन आणि मदनलाल मेहता यांनी १९६३ मध्ये पातळ्यांच्या जिन्यावर (दर पातळीला एक पायरी चढणाऱ्या मोजणीच्या आलेखावर) सर्वोत्तम सरळ रेषा बसवून उरलेल्या वर्गांची सरासरी मोजण्याची रीत दिली. सलग १०० पातळ्यांसाठी या कुटुंबात ती ०.४६ येते, स्वतंत्र पातळ्यांसाठी १०० भागिले १५, म्हणजे ६.७. मापनात एक पातळी निसटली की तिच्यापुढचा सगळा जिना एका पूर्ण पायरीने खाली बसतो. नैसर्गिक हालचाल एका पायरीहून लहान असल्यामुळे ती उणीव आकड्यांत दिसून येते. शेजारच्या अंतरांचा आलेख पाहून ती सहसा सापडणार नाही, कारण शंभरांतले एकच अंतर लांबलेले असते.

आपल्या प्रकरणातही असा बिघाड घालून पाहता येतो. हजाराची मॅट्रिक्स प्रत्यक्षात ५०० आणि ५०० अशा दोन स्वतंत्र तुकड्यांची असेल, म्हणजे एखादी सममिती लक्षात आली नसेल, तर शून्याच्या डावीकडच्या मोजणीत दोन्ही तुकड्यांचे वाटे बेरजेने येतात: प्रत्येकी ०.५, मिळून १.०. अखंड मॅट्रिक्सला ०.५३५ हवे होते. भिन्न स्पिनच्या (अणुकेंद्राच्या अंगभूत कोनीय संवेगाच्या) पातळ्या एकाच यादीत मिसळल्या गेल्या की हाच फरक पडतो. म्हणून पातळ्यांची यादी हाती आली की अंतरांच्या आलेखाआधी जिना आणि त्याची रेषा काढावी, आणि ती काढताना अर्ध्या अंतराची दुरुस्ती विसरू नये.